दुसरा गडी

खंडेनवमीच्या सकाळी जयवंतने सोल्डरिंग गनला हळदकुंकू लावलं, मीटरवर झेंडूचं फूल ठेवलं आणि मला म्हणाला, "पद्या, आता उद्यापर्यंत कशाला हात लावायचा नाही. हत्यारं पाटावर बसली ती बसली."

"माहीत आहे मला. मी काय परदेशातनं आलोय?"

"तुला माहीत असतंय रे सगळं. पाळत नाहीस, एवढंच."

हे सत्त्याण्णव सालचं. कोल्हापूरच्या उद्यमनगरात एका लेथच्या कारखान्यावर पत्र्याचा माळा होता, तिथे अडीच वर्षं आम्ही दोघं एक टीव्ही गेम बनवत होतो. टीव्हीला जोडायचा डबा, त्याला दोन पॅड आणि आत आमचे खेळ. डब्याचं नाव सवंगडी. ते मंदावहिनीने, म्हणजे जयवंतच्या बायकोने ठेवलेलं. यंत्र मी बांधायचं आणि खेळ जयवंतने लिहायचे, अशी वाटणी होती. कागलच्या शाळेत आम्ही एका बाकावर होतो, त्यामुळे भांडायलाही आम्हाला तिसरा लागत नसे.

जयवंतने सवंगडीचे दोन पॅड पाटावर शेजारी शेजारी ठेवले आणि त्यांना बोट लावलं. मग मी पिशवीतून टॉवेलात गुंडाळलेला माझा नवा बोर्ड काढला आणि तोही पाटावर ठेवला.

"हा झाला पुरा?"

"सोल्डरचे सहा डाग द्यायचे राहिलेत."

त्याने त्यालाही कुंकू लावलं. मग वाकून, चष्मा कपाळावर सरकवून, बोर्ड नाकाजवळ धरून बघितला. "दुसरं सॉकेट कुठाय?"

"काढलं. मेमरीला जागा पाहिजे होती."

"मग दुसरा पॅड कुठं लावायचा?"

"दुसरा लागतोच कशाला? किल्ला बघायचाय. एकट्याने फिरायचं."

जयवंत हसला. "पन्हाळ्याला एकटा कोण जातंय, लेका?"

मला राग आला होता, कारण त्या बोर्डासाठी मी वर्षभर डोळे फोडले होते. सवंगडीची चिप जुनाट होती. स्वस्तातल्या सगळ्या परदेशी डब्यांत असायची तीच. तिच्यावर माणूस काढायचा तर दहा-बारा ठिपक्यांचा निघायचा, त्याला तोंड आहे की पाठ ते कळायचं नाही. माझा नवा बोर्ड म्हणजे त्याच्या कितीतरी पट वेगाचा, हजारो रंगांचा. त्याच्यावर मी पन्हाळ्याचा तीन दरवाजा उभा केला होता, दगडावर दगड, दगडावर शेवाळ. खेळ म्हणाल तर त्यात काही नव्हता. नुसतं फिरायचं आणि बघायचं. मला वाटायचं, एवढी ताकद असली की खेळ काय, मागून येतीलच. मशीन दमदार असेल तर लोक झक मारत येतात, हे माझं वाक्य होतं आणि ते मी ऐकेल त्याला ऐकवायचो.

"पद्या," जयवंत म्हणाला, "परवाच्या बैठकीला हा आणायचा नाही."

"का?"

"परवा फक्त सवंगडी. डीलर लोकांनी दिवाळीसाठी ऑर्डर दिली तर दिली. तुला माहीताय माझं काय आहे ते."

मला माहीत होतं. त्याच्या मेहुण्याने मस्कतला नोकरी बघून ठेवली होती आणि दिवाळीपर्यंत हो की नाही ते कळवायचं होतं. अडीच वर्षं वहिनीच्या बालवाडीच्या पगारावर घर चाललेलं. तिने कधी तोंडातून शब्द काढला नव्हता, पण जयवंतनेच स्वतःला मुदत घातली होती. दिवाळीला सवंगडी दुकानात लागला तर तो इथे राहणार, नाही तर मस्कत.

"शब्द दे," तो म्हणाला.

"दिला."

दुपारी तो जेवायला घरी गेला आणि मी पाटावरून गन उचलली. तिच्यावरचं कुंकू रुमालाने पुसलं आणि राहिलेले सहा डाग दिले. मग पुन्हा कुंकू लावून गन होती तशी ठेवली. जयवंतला कळलं नाही. निदान मला तसं वाटलं.

बैठक स्टेशन रोडवरच्या एका लॉजच्या हॉलमध्ये होती. तेराचौदा डीलर आले होते, सगळे टीव्ही-रेडिओच्या दुकानांचे मालक. जयवंतने भाषण वगैरे केलंच नाही. त्याने टीव्ही लावला, डबा जोडला आणि गडहिंग्लजच्या बसर्गेंना हाताला धरून पुढे आणून बसवलं. बसर्गे साठीचे, टोपीवाले. त्यांच्या हातात त्याने एक पॅड दिला.

"दाबा बटण."

बसर्गेंनी दाबलं. पडद्यावर आट्यापाट्यांचं मैदान आलं आणि खाली अक्षरं उमटली : दुसरा गडी कुठाय?

हॉल हसला. "खरंच की, कुठाय?" असं म्हणत बसर्गेंनी मागे बघितलं आणि सांगलीच्या पोरवालांना बोटाने बोलावलं. पोरवाल सोन्याच्या घड्याळाचे, नको नको म्हणत आले आणि दुसरा पॅड घेऊन बसले.

पुढच्या पंधरा मिनिटांत मी जे बघितलं ते मला आजही बारकाव्यासकट आठवतं, कारण त्या वेळी मी ते बघूनही बघितलं नाही. बसर्गे पाटी, म्हणजे आडवी रेघ, धरून अडवत होते आणि पोरवाल ती चुकवत होते. ठिपक्यांचा माणूस उजवीकडे झुकला की बसर्गे स्वतः खुर्चीत उजवीकडे झुकायचे. पोरवालांनी एकदा डावी हूल देऊन उजवीकडून पाटी मारली तेव्हा बसर्गेंनी टोपी काढून मांडीवर आपटली.

"हे चालायचं नाही पोरवाल. रडीचा डाव खेळता."

"हूल आहे ती, बसर्गे. लहानपणी खाल्ली नाही काय कधी?"

ती हूल जयवंतने लिहिलेली होती. शाळेच्या मैदानात आट्यापाट्या खेळताना पाटीवर तो असला की हूल देऊनही मी कधीच पार व्हायचो नाही. माझा खांदा कुठे वळणार ते माझ्याआधी त्याला कळायचं. ते सगळं त्याने त्या दहा-बारा ठिपक्यांत कसं घातलं, देव जाणे. माणसाला तोंड नव्हतं, पण तो फसवणार आहे हे कळत होतं आणि तरी माणूस फसत होता. बाकीचे डीलर खुर्च्या सोडून मागे गोळा झाले. कुणी इस्लामपूरचा, कुणी निपाणीचा. नंबर लावून खेळले. चहा गार झाला.

मग ऑर्डरचे कागद फिरले. पोरवालांनी कागद पुढ्यात ओढला, पेनचं टोपण काढलं आणि सहज म्हणाले, "खेळ झकास आहे. पण मुंबईत माझ्या साडूकडं बाहेरचं मशीन बघितलं. त्यात माणसाच्या मिशासुद्धा दिसतात. हे म्हणजे मुंग्या पळाल्यागत वाटतंय."

पुन्हा हशा. जयवंतही हसला. "मुंग्या तर मुंग्या, शेठ. पण गुळाला लागल्यात का नाही?"

"लागल्यात बाबा," पोरवाल म्हणाले आणि लिहायला लागले.

गोष्ट तिथे संपली होती. मी गप्प बसलो असतो तर एवढंच झालं असतं. पण मुंग्या हा शब्द माझ्या डोक्यात गेला. त्या डब्यावर माझंही नाव होतं आणि मी काही मुंग्या पळवणारा इंजिनिअर नव्हतो. माझी पिशवी खुर्चीखाली होती. पिशवीत टॉवेल होता आणि टॉवेलात बोर्ड. तो मी का आणला होता? दाखवायला नव्हे, नुसता जवळ असावा म्हणून, असं मी स्वतःला सकाळी सांगितलं होतं. माणूस स्वतःशी खोटं बोलतो तेव्हा त्याला फारशी अक्कल लागत नाही.

"मिशा बघायच्यात?" मी उठलो. "थांबा."

"पद्या," जयवंत म्हणाला. एकदाच म्हणाला, तेही हळू.

मी सवंगडीची वायर काढली आणि माझा बोर्ड जोडला.

तीन दरवाजा पडद्यावर आला. मी कमानीखालून आत गेलो. दगडांवर ऊन पडलं होतं, ते माझ्याबरोबर सरकत होतं. निपाणीवाल्याने हात जोडले. माझ्या छातीत इतकं भरून आलं की मी जयवंतकडे बघितलंच नाही.

"हे तुम्ही केलं? कोल्हापुरात?" पोरवालांनी विचारलं.

"इथेच, उद्यमनगरात."

"कधी येणार बाजारात?"

"उन्हाळ्यात," मी बोलून गेलो.

पोरवालांनी पेनाला टोपण लावलं. "मग आता ते मुंग्यांचं कशाला घेऊ? दिवाळीला गिऱ्हाइकाला तो विकायचा आणि उन्हाळ्यात त्यानं येऊन माझी गचांडी धरायची. त्यापेक्षा थांबतो की. चांगली चीज येतीये म्हटल्यावर थांबलेलं बरं."

"बरोबर आहे," इस्लामपूरवाला म्हणाला. "सहा महिने तर आहेत."

कागद एकेक करून टेबलावर परत आले. काही कोरे, काही अर्धवट लिहिलेले. कोणी वाईट बोललं नाही. उलट सगळ्यांनी माझी पाठ थोपटली. फक्त बसर्गे पडद्यापाशी रेंगाळले.

"ह्यात खेळायचं काय, साहेब?"

"ते येईल नंतर."

"आणि दोघांनी?"

मी वायर गुंडाळायला लागलो. बसर्गेंनी टोपी घातली आणि जयवंतला म्हणाले, "मला तुमचंच आवडलं, बाळ. पण सगळेच थांबतात म्हटल्यावर मी एकटा काय करू?"

हॉल रिकामा झाल्यावर जयवंतने दोन्ही पॅडच्या वायरी नीट वळून रबर लावले. खुर्च्या सरळ केल्या. मी म्हणालो, "बोल की काहीतरी."

"काय बोलू? चांगला झालाय तुझा किल्ला."

"उन्हाळ्यात आपण दोघं मिळून..."

"चहा घेऊया चल. वरचा गार झाला."

खाली गाडीवर उभं राहून आम्ही चहा घेतला. पेला अर्धा झाल्यावर तो म्हणाला,

"शब्द दिलेलास तू."

"तो मुंग्या म्हणाला, जयवंता. मला राहवलं नाही."

"मुंग्या माझ्या होत्या. मला राग आला नाही. तुला कशाला आला?"

मी खिशात सुटे पैसे शोधायला लागलो. त्याने पेला ठेवला आणि म्हणाला, "खंडेनवमीला दुपारी गन गरम होती. मला वाटलं, असू दे, हौस आहे पोराची."

दिवाळी झाली. सवंगडीचे तयार डबे माळ्यावर तसेच पडून राहिले. जयवंतने मस्कतला होकार कळवला. पण तो लगेच गेला नाही. काहीतरी व्हिसाचं अडलंय असं मी कुणाकडून तरी ऐकलं. तो रोज माळ्यावर यायचा, कॉम्प्युटरवर बसायचा, टाइप करत राहायचा. मी माझ्या टेबलाशी. आमचं बोलणं "फॅन लावू का" आणि "कुलूप तू लावणार का मी" एवढंच उरलं होतं. तो काय लिहितोय हे मी विचारलं नाही. आवराआवर करत असेल, असं धरून चाललो. खरं सांगायचं तर मला त्याच्याकडे बघायची लाज वाटत होती, आणि लाज वाटली की मी कामात डोकं घालतो. डिसेंबर संपता संपता तो गेला. निरोप द्यायला मी स्टेशनवर गेलो नाही. ताप आहे म्हणून कळवलं. ताप नव्हता.

उन्हाळा आला, तेव्हा माझ्या बोर्डावर खेळ लिहायला कोणी नव्हतं. दोन पोरं ठेवली. त्यांनीही मला एक देऊळ आणि एक तलाव करून दिला, नुसता फिरायला. बसर्गे सोडले तर एकाही डीलरने पुन्हा विचारपूस केली नाही, आणि बसर्गेंनी पत्र लिहिलं ते मुंग्यांसाठी. वर्षभरात बाहेरून अशी मशीन आली की त्यांच्यापुढे माझा तीन दरवाजा म्हणजे गणपतीच्या आराशीतला पुठ्ठा वाटावा. ताकदीचं हे असं असतं, तुमच्यापेक्षा दांडगा कोणीतरी जन्माला आलेलाच असतो. आणि ती जुनी चिप, आमच्या सवंगडीतली? ती पुढची दहा वर्षं मेली नाही. जत्रेत, महाद्वार रोडला, प्लॅस्टिकच्या नाही नाही त्या डब्यांत ती विकली जात होती. कुठल्याही गल्लीत जा, टीव्हीपुढे दोघं मांडीला मांडी लावून बसलेले, मुंग्या पळवताहेत. मी असं काही दिसलं की पलीकडच्या बाजूने जायचो. मग इन्व्हर्टर दुरुस्तीचं दुकान टाकलं. ते अजून आहे.

जयवंत दर दोन वर्षांनी सुट्टीवर यायचा. मला कळायचं. त्याचं घर माझ्या दुकानापासून चार गल्ल्या. चौदा वर्षांत मी गेलो नाही. प्रत्येक वेळी ठरवायचो आणि प्रत्येक वेळी कुणाचा तरी इन्व्हर्टर अगदी त्याच दिवशी बिघडायचा.

दोन हजार अकरा साली तो मस्कतला कामावरच गेला. हार्ट. त्याला इथे आणलं तेव्हा पंचगंगेच्या घाटावर मी मागे उभा होतो. दिवस झाल्यावर वहिनीचा निरोप आला, येऊन जा.

तिने पाट दिला, पाणी दिलं. मग कपाटातून कॅमेऱ्याच्या रोलची काळी डबी आणून माझ्या हातात ठेवली. आत स्पंजात खोचलेली एक चिप होती. चिपच्या काचेच्या खिडकीवर चिकटपट्टी, पट्टीवर जयवंतचं अक्षर : पन्हाळा.

"जायच्या आधी केलंय त्यांनी हे," वहिनी म्हणाली. "तुमच्या त्या नव्या मशीनसाठी."

"मला कधी बोलला नाही."

"तुम्ही बोलत होता काय?" तिने हे रागाने विचारलं नाही. "तिकीट दोनदा पुढं ढकललं त्यांनी. हे झालं की पद्या बघंल, बघितलं की येईल, मग जायची गरज नाही, असं म्हणायचे. मी म्हटलं, मी देऊन येते, चार गल्ल्या तर आहे. तर म्हणाले, नको. त्याला येऊ दे. आला की दे."

"आणि नंतर?"

"नंतर काय. दर सुट्टीला आले की कपाट उघडून डबी आहे का बघायचे. एवढंच."

मी पाणी प्यायलो. वहिनीसमोर रडू नये म्हणून लवकर उठलो, आणि जिन्यात रडलो.

बोर्ड माझ्याकडे होता. तोच, टॉवेलातला. दुसऱ्या दिवशी दुकान बंद ठेवलं, चिप बसवली, जुना टीव्ही जोडला. तीन दरवाजा आला. माझाच, दगड न् दगड माझा. आत गेलो तर चौकात चुन्याच्या फक्कीने आट्यापाट्यांच्या पाट्या आखलेल्या. मैदानाच्या या टोकाला एक माणूस, लुकडा, माझ्यासारखा पोक काढून उभा. पाटीवर दुसरा, चष्मा कपाळावर सरकवलेला. दोघांना मिशा होत्या. पॅड दाबला की लुकडा हलायचा. चष्मेवाला जागचा हलत नव्हता. खाली अक्षरं आली : दुसरा गडी कुठाय?

सॉकेट एकच आहे हे त्याला माहीत होतं. खंडेनवमीला त्याने नाकाजवळ धरून बघितलं होतं. तरी त्याने दोघांचाच खेळ लिहिला. त्याला माझ्याकडून दुसरं काही नको होतं. ते एक सॉकेट मी परत घालावं, एवढंच.

मी ते घातलं. जागा करायला मेमरीच्या चिपांपैकी एक काढावी लागली. त्यामुळे डावीकडचा बुरूज गेला आणि उन्हाचे रंग थोडे फिके झाले. खेळाला काही फरक पडला नाही.

सवंगडीचे दोन्ही पॅड जपून ठेवलेले होते, तेच लावले. दुसऱ्या पॅडचं बटण मीच दाबलं. अक्षरं गेली. चष्मेवाल्याने हात वर केला आणि पाटीवर पाय रोवून उभा राहिला. दोन्ही पॅड मांडीवर घेऊन मी खेळायला बसलो, एक या हातात, एक त्या हातात. ते जमत नाही. मग त्याचा पॅड खाली ठेवला आणि एकटाच धावलो. डावी हूल दिली, उजवीकडून गेलो. पहिली पाटी, दुसरी, तिसरी, पार शेवटपर्यंत गेलो आणि परत आलो.

त्याने मला एकदाही अडवलं नाही.